सोडा-बाटलीचे जलरॉकेट : दिवाळीच्या सुट्टीतील प्रकल्प नोंदी

4 नोव्हेंबर 2024, सोमवार

भाऊबीज काल झाली. ताई मुलांना इथेच ठेवून पुढे गेली आहे, त्यामुळे सुट्टी संपेपर्यंत भाची आणि भाचा आमच्याकडे राहणार आहेत आणि दोघांना रॉकेट करायचे आहे. अंगणात पडलेल्या अर्धवट जळालेल्या फटाक्यांकडे बघून भाचीने सकाळीच विचारले, "मामा, यातली दारू काढून नळीत भरली तर चालेल का?" मी तिला तिथेच थांबवले. फटाक्यातील मिश्रण घर्षणानेही पेटू शकते, ते खरवडणे किंवा बंद नळीत ठासणे म्हणजे हाताबोटांशी खेळ आहे, आणि परवान्याशिवाय स्फोटक पदार्थ तयार करणे हा 1884 च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, हेही तिला सांगितले. पडलेले फटाके पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले आणि तो विषय तिथेच संपवला.

रॉकेट मात्र होणारच आहे, आणि तेही खऱ्या अर्थाने रॉकेट. शीतपेयाच्या बाटलीत थोडे पाणी घालायचे, उरलेल्या जागेत पंपाने हवा दाबून भरायची आणि तोंड एकदम मोकळे करायचे, म्हणजे दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम येथे जितका शुद्ध स्वरूपात दिसतो तितका फटाक्यात दिसत नाही, कारण इथे बाहेर काय फेकले गेले, किती फेकले गेले आणि किती दाबाने, हे तिन्ही आपल्याला मोजता येते. माझ्या दृष्टीने या प्रकल्पाचा सगळा अर्थ या मोजण्यात आहे.

बाटली निवडताना एक गोष्ट काटेकोरपणे पाळली. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली नाही, कारण ती दाब सहन करण्यासाठी बनवलेलीच नसते. तळाला पाच पाकळ्यांसारखे फुगवटे असलेली, वायुयुक्त पेयाची सव्वादोन लिटरची बाटली घेतली. आतल्या वायूचा दाब तिला दुकानातल्या उन्हातही पेलावा लागतो, म्हणून तिच्या भिंतीचा आकार आणि तळ त्यासाठीच घडवलेला असतो. ओरखडे, चुण्या किंवा पांढरट रेघा असलेल्या बाटल्या बाजूला काढल्या. बाटली स्वच्छ करताना गरम पाणी वापरले नाही, कारण त्याने हे प्लास्टिक आकसते आणि कमकुवत होते.

5 नोव्हेंबर 2024, मंगळवार

आजचा सगळा दिवस प्रक्षेपक तयार करण्यात गेला. तोंडात रबरी बूच ठोकून सायकलच्या पंपाने हवा भरायची, ही पद्धत सर्वांत सोपी आहे. परंतु त्यात बूच कधी सुटेल हे बूचच ठरवते आणि दर वेळी वेगळ्या दाबाला सुटते. उड्डाणांची तुलना करायची असेल तर सोडण्याचा क्षण आपल्या हातात हवा. म्हणून बाटलीची मान पकडून ठेवणारा आणि दोरी ओढली की सोडणारा प्रक्षेपक करायचे ठरवले.

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 21.3 मिलिमीटर असतो आणि शीतपेयाच्या बाटलीच्या मानेचा आतला व्यास त्याहून अगदी थोडा जास्त असतो. हा योगायोग जगभरच्या जलरॉकेट करणाऱ्यांच्या कामी आला आहे. जाड भिंतीच्या पाइपचा तुकडा घेऊन त्याच्यावर, बाटलीची मान जिथे बसेल तिथे, कानशीने गोल खाच घासली आणि तिच्यात मोटर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रबरी कडी, बसवली. खाच घासायला घाई करून चालत नाही. पाइप एका हाताने सारखा फिरवत राहावा लागतो, नाहीतर एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ खाच होते आणि तिथूनच हवा गळते. भाच्याने पाइप फिरवला, मी कानस धरली, आणि मधे मधे भाची रिंग बसवून तिच्यावरून बोट फिरवत कुठे उंच, कुठे सखल ते सांगत राहिली. खाचेच्या वर पाइप 22 सेंटिमीटर ठेवला आहे. बाटली उलटी ठेवल्यावर आतले पाणी या पाइपच्या तोंडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते पंपाच्या नळीत उतरत नाही. शिवाय सुटताना बाटली याच पाइपवरून सरळ सरकते, म्हणजे पहिल्या वीतभर अंतरात तिला दिशा मिळते आणि पाणी खर्च न होता थोडा वेगही मिळतो.

मान धरून ठेवण्यासाठी पाइपभोवती प्लास्टिकचे टाय (वायरी बांधायच्या पट्ट्या) उभे लावले आणि नळीच्या क्लिपने घट्ट आवळले. टायची चौकोनी डोकी बाटलीच्या मानेवरच्या कड्यावर अडकतात. त्यांच्या बाहेरून दीड इंची पाइपचा एक तुकडा सरकता ठेवला आहे. तो वर असेपर्यंत डोकी आत दाबलेली राहतात आणि बाटली अडकून बसते. त्याला बांधलेली सुतळी ओढून तो खाली आणला की डोकी बाहेर पसरतात आणि बाटली सुटते.

हवा भरण्याच्या नळीचा प्रश्न घरातच सुटला. फवारणीच्या पंपाचा जुना पाइप गोठ्यात पडून होता. तो याहून कितीतरी जास्त दाबासाठी बनवलेला असतो आणि भरपूर लांब असतो, म्हणून पंप मारणाऱ्याला रॉकेटपासून दहा मीटर दूर उभे राहता येते. त्याच्या दुसऱ्या टोकाला पंक्चरवाल्याकडून आणलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. त्यातून हवा आत जाते, परत येत नाही, आणि उड्डाण रद्द करायचे झाल्यास मधली पिन दाबून दुरूनच सगळी हवा सोडता येते. पंप पायाने मारायचा, दाबाचा काटा असलेला घेतला आहे.

6 नोव्हेंबर 2024, बुधवार

आज दाबाची चाचणी घेतली. ती हवेने न घेता पाण्याने घेतली, आणि त्याचे कारण मुलांना सविस्तर समजावले. हवा दाबली की ती आकसते आणि तिच्यात ऊर्जा साठते. भांडे फुटले तर ती सगळी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि तुकडे उडतात. पाणी जवळजवळ आकसतच नाही, त्यामुळे बाटली, पाइप आणि नळी पाण्याने काठोकाठ भरून दाब दिला तर कुठे चीर गेली तरी फक्त पाण्याची चिळकांडी उडते. मोठमोठ्या दाबपात्रांची परीक्षाही याच तत्त्वाने होते.

उड्डाणासाठी 50 पाउंडाची, म्हणजे दर चौरस इंचावर 50 पाउंड दाबाची, मर्यादा ठरवली आहे, म्हणून चाचणी 80 पाउंडापर्यंत घेतली. बाटलीवर ओले गोणपाट टाकले होते आणि मी एकटा नळीच्या टोकाशी होतो, मुले ओसरीत. पहिल्यांदा ओ-रिंगेजवळून थेंब थेंब पाणी झिरपू लागले. रिंग काढून, कोरडी करून, तिच्यावर खोबरेल तेल लावले. नोव्हेंबरच्या सकाळी ते बाटलीत थिजलेले असते, त्यामुळे ओघळून न जाता मलमासारखे सगळीकडे सारखे बसले आणि झिरपणे थांबले. काटा 80 वर ठेवून बराच वेळ वाट पाहिली. काटा हलला नाही. त्यानंतर दाब सोडून बाटली उजेडाकडे धरून तपासली. मानेशी किंवा तळाच्या फुगवट्यांत पांढरी रेघ कुठेही नव्हती.

7 नोव्हेंबर 2024, गुरुवार

या प्रकल्पातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम आज झाले, आणि ते सगळे जमिनीवर बसून झाले. रॉकेट सरळ जाईल की कोलांट्या खाईल, हे उडवून बघण्याची गरज नसते. ते आधी ठरवता येते.

उडणाऱ्या रॉकेटला दोन मध्य असतात. एक गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर सगळे वजन तोलले जाते तो; दुसरा दाबमध्य, म्हणजे बाजूने येणारा वारा ज्या बिंदूवर जणू एकवटून ढकलतो तो. रॉकेट हवेत फिरते ते गुरुत्वमध्याभोवती. दाबमध्य त्याच्या मागे, शेपटीकडे असेल, तर रॉकेट थोडे कलले तरी वारा शेपटी ढकलून त्याला पुन्हा रेषेत आणतो. दाबमध्य पुढे असेल तर तोच वारा कल वाढवतो आणि रॉकेट उलटे होते. या दोन बिंदूंमध्ये किमान रॉकेटच्या जाडीएवढे अंतर असावे, असा रूढ संकेत आहे. आमच्या बाटलीचा व्यास साडेदहा सेंटिमीटर आहे.

हे जाणत्यांनाही चटकन उमगले नव्हते. रॉबर्ट गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 रोजी अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले, तेव्हा त्यांनी इंजिन वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. वरून ओढले की खालचे आपोआप सरळ लटकत राहील, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण इंजिनही रॉकेटबरोबरच कलते आणि कललेल्या दिशेनेच ओढते. पुढे त्यांनी इंजिन खाली नेले.

पंखांसाठी जुन्या दुकानाच्या फलकाचा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा वापरला. पुठ्ठा पहिल्याच उड्डाणात भिजून लुळा पडतो. बाटलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिची लांबी मोजली, ती 33 सेंटिमीटर भरली. पट्टीवर 11-11 सेंटिमीटरवर खुणा केल्या आणि तीन पंख त्या खुणांवर उभे केले. चिकटवण्यासाठी फक्त रुंद चिकटपट्टी वापरली आहे. गरम गोंदाने बाटलीची भिंत त्या जागी मऊ पडते आणि झटपट चिकटणाऱ्या द्रवाने प्लास्टिक ठिसूळ होऊ शकते, म्हणून दाब झेलणाऱ्या बाटलीला या दोन्ही गोष्टी लावायच्या नाहीत, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. दुसऱ्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून टोकाचा शंकू केला आणि त्याच्या तोंडावर मऊ रबरी चेंडू बसवला, म्हणजे खाली येताना टोक कुणाला लागू नये. शंकूखाली बाटलीचाच एक गोल तुकडा पेल्यासारखा बसवला आहे. त्यात पुढे पॅराशूट राहील.

रॉकेटची एकूण लांबी 60 सेंटिमीटर आणि रिकामे वजन 130 ग्रॅम. सुतळीच्या फासात आडवे टांगून तोलले तेव्हा गुरुत्वमध्य टोकापासून 31 सेंटिमीटरवर आला. दाबमध्यासाठी रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर हुबेहूब मापात काढली, कापली आणि पट्टीच्या धारेवर तोलली. ती 38 सेंटिमीटरवर तोलली गेली. फरक फक्त 7 सेंटिमीटर, म्हणजे अपुरा. गणपतीच्या वेळचा शाडू उरला होता. त्याचा 60 ग्रॅमचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेल्याच्या आतल्या कडेला सगळीकडून सारखा लावला. गुरुत्वमध्य 26 वर आला आणि फरक 12 सेंटिमीटर झाला. एकूण वजन 190 ग्रॅम.

भाचीने विचारले, "पण पाणी भरल्यावर वजन खाली जाईल ना? मग सगळा हिशेब बदलणार." प्रश्न फार चांगला होता. पाणी असते तोवर गुरुत्वमध्य खालीच असतो, हे खरे; पण पाणी संपायला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच वेळ लागतो आणि पहिल्या टप्प्यात पाइप त्याला धरून असतो. उरलेला जवळजवळ सगळा प्रवास रॉकेट रिकामे करते. म्हणून तोल रिकाम्या रॉकेटचा पाहायचा.

8 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

सोयाबीन काढल्यापासून ओढ्याकडचे रान मोकळे आहे. विजेच्या तारा त्या बाजूला नाहीत आणि रस्ताही लांब आहे. दादाने परवानगी दिली, पण मुदत घालून. "हरभऱ्याची तिफण लागायच्या आत काय उडवायचे ते उडवून घ्या, पेरणी झाली की रानात पाऊल टाकायचे नाही."

आज फक्त कमी दाबाची, 20 पाउंडाची उड्डाणे केली. भरण्याची पद्धत अशी बसवली : बाटली सरळ उभी धरून तीत मापाने पाणी घालायचे, प्रक्षेपक उलटा करून त्याचा पाइप वरून आत सोडायचा, मान ओ-रिंगेवर पूर्ण बसेपर्यंत दाबायची, टायची डोकी कड्यावर अडकवून बाहेरचा तुकडा चढवायचा आणि मग दोघांनी मिळून सगळे एकदम उलटून फळी जमिनीवर टेकवायची. फळीच्या चार कोपऱ्यांवर दगड. त्यानंतर सगळे मागे गेल्याशिवाय पंपाला पाय लावायचा नाही, आणि दाब असताना रॉकेटजवळ कुणीही, कोणत्याही कारणाने जायचे नाही.

तुलनेसाठी आधी मुद्दाम पंख आणि शाडू नसलेली नुसती बाटली सोडली. ती पाइपवरून सरळ निघाली, घराच्या माळवदाएवढ्या उंचीवर गेल्यावर आडवी झाली आणि पाणी शिंपडत गोल गोल फिरत ढेकळांत पडली. मग त्याच दाबाला, तेवढ्याच पाण्यावर पंखांचे रॉकेट सोडले. ते कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर गेले आणि शेवटपर्यंत टोक वरच होते. दोन्ही उड्डाणांत ऊर्जा सारखी होती. भाचा काही न बोलता पुठ्ठ्याची आकृती पुन्हा पट्टीवर तोलून बघत बसला.

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

दाब वाढवण्याआधी पॅराशूट हवे, कारण पंख आणि वजनदार टोक असलेले रॉकेट जितके सरळ वर जाते तितकेच सरळ खाली येते.

कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीचा चौरस कापून, आकाशकंदिलाचा कागद दुमडतात तसा दुमडून अष्टकोन केला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 60 सेंटिमीटर. आठ कोपऱ्यांना आधी चिकटपट्टीचे तुकडे लावून मग भोके पाडली आणि जाड शिवणदोरा बांधला. 190 ग्रॅम वजन या मापाच्या छत्रीखाली सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने उतरायला हवे, असा हिशेब निघाला.

ती उघडायची कशी, हा खरा प्रश्न. शंकू पेल्यावर नुसता सैल ठेवायचा. वर जाताना समोरची हवा त्याला दाबून धरते, आणि सर्वोच्च बिंदूपाशी वेग संपून रॉकेट कलले की तो गळून पडतो आणि पॅराशूट बाहेर येते. शाडू शंकूत न भरता पेल्याला लावण्यामागे हेच कारण होते. पाणी संपताच हवेचा अवरोध रॉकेटला मागे खेचू लागतो. शंकू जड असेल तर त्याचा वेग तितक्या लवकर कमी होत नाही आणि तो रॉकेटच्या पुढे निघून जातो. हे मुलांना दाखवण्यासाठी एकदा शाडू शंकूत भरून 20 पाउंडाला उड्डाण केले आणि मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले. पाण्याचा शेवटचा फवारा दिसतो त्याच्या पुढच्याच काही चित्रांत शंकू अलगद वेगळा होताना दिसतो. शाडू पुन्हा पेल्यात नेला. हलका शंकू शेवटपर्यंत जागेवर राहिला आणि वर पोचल्यावरच पडला.

याच चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला फार सुंदर वाटली. पाणी संपल्यावर बाटलीच्या तोंडातून पांढऱ्या धुक्याचा छोटा झोत निघतो, आणि खाली पडलेली बाटली लगेच उचलून पाहिली तर आतही धुके भरलेले असते. दाबलेली हवा एकाएकी प्रसरण पावली की थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. हवा वर चढताना याच कारणाने ढग तयार होतात.

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

उंची मोजण्याचे साधन कंपासपेटीतल्या कोनमापकाचे केले. सरळ कडेला शहाळ्याची नळी चिकटवली, मध्याच्या भोकातून दोरा ओवून त्याला नट बांधला. नळीतून रॉकेटचा सर्वोच्च बिंदू पाहायचा, दोरा बोटाने दाबून धरायचा आणि कोन वाचायचा. निरीक्षक प्रक्षेपकापासून 40 मीटर अंतरावर, वाऱ्याच्या दिशेला काटकोनात उभा राहतो. 40 ला कोनाच्या स्पर्शज्येने (tan) गुणायचे आणि डोळ्याची उंची मिळवायची. भाची उभी राहिली की ती 1.3 मीटर आहे.

पाणी दर वेळी 750 मिलिलिटर, म्हणजे बाटलीचा एक तृतीयांश भाग ठेवला आणि फक्त दाब बदलला. वारा सुटण्याआधी, ऊन कोवळे असतानाच उड्डाणे उरकली. 30 पाउंडाला कोन 33 अंश आला, म्हणजे उंची 27 मीटर. 40 पाउंडाला 41 अंश, म्हणजे 36 मीटर. 50 पाउंडाला 47 अंश, म्हणजे 44 मीटर. नळीतून पाहणाऱ्याचा हात एका अंशाने हलला तरी उंचीत मीटर-दीड मीटरचा फरक पडतो, त्यामुळे दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

दाब वाढला तशी उंची वाढली, पण प्रत्येक पुढच्या 10 पाउंडांनी आधीपेक्षा थोडी कमीच भर टाकली. वेग वाढला की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि आमचे रॉकेट लांबीच्या मानाने जाड आहे. भारतात बनलेले पहिले साउंडिंग रॉकेट (वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारे), 20 नोव्हेंबर 1967 ला केरळमधील थुंब्याहून उडालेले रोहिणी आरएच-75, फक्त 75 मिलिमीटर व्यासाचे होते. आमची बाटली त्याच्याहून जाड आहे, हे ऐकून दोघांनाही खरे वाटेना, तेव्हा पट्टीवर 75 मिलिमीटर मोजून दाखवले.

50 पाउंडाला पाणी किती वेगाने बाहेर पडते, याचा हिशेब संध्याकाळी मांडला. दाबाच्या दुपटीला पाण्याच्या घनतेने भागून वर्गमूळ घेतले की सेकंदाला 26 मीटर येतात, म्हणजे ताशी 90 किलोमीटरहून अधिक. मान पाइपवरून सुटते त्या क्षणी रॉकेटवरचा रेटा सुमारे 25 किलो वजनाइतका असतो आणि पाण्यासह रॉकेटचे वजन एक किलोही नसते. सुटताना डोळ्यांना काहीच दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि फळीवर पाणी उरते, ते यामुळे.

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

आज दाब 40 पाउंडावर कायम ठेवून पाणी बदलले. भाच्याची खात्री होती की जितके पाणी जास्त तितके रॉकेट उंच जाणार, कारण फेकायला जास्त वस्तू मिळणार. त्याला आधी अंदाज वहीत लिहायला सांगितला आणि मगच उड्डाण केले.

350 मिलिलिटर पाण्यावर 38 अंश, म्हणजे 32 मीटरच्या थोडे वर. 750 वर काल 36 मीटर मिळालेच होते, तरी ते आज पुन्हा करून पाहिले, तेवढेच आले. 1250 मिलिलिटरवर कोन एकदम 27 अंशांवर उतरला, म्हणजे 22 मीटरसुद्धा नीट भरले नाहीत.

पाणी निम्म्याहून कमी केले तेव्हा उंचीत थोडीच घट झाली, वाढवले तेव्हा मात्र मोठी घट झाली. याचा उलगडा करताना आम्ही बराच वेळ घालवला आणि तो वेळ घालवण्यासारखाच होता. ऊर्जा पाण्यात नसते, ती दाबलेल्या हवेत असते. बाटलीत पाणी वाढवले की हवेची जागा कमी होते. 1250 मिलिलिटर पाणी असेल तर हवेला जेमतेम एक लिटर उरतो. पाणी बाहेर पडेपर्यंत त्या हवेला सव्वादोन लिटरपर्यंत पसरावे लागते आणि तिचा दाब कधीच ओसरतो. म्हणजे शेवटचे पाणी रेंगाळत बाहेर पडते, आणि ते पडेपर्यंत रॉकेटने त्याचे ओझे वाहिलेले असते. चित्रणातही हे दिसते : भरपूर पाण्याच्या रॉकेटचा फवारा वर गेल्यावर मंदावतो आणि शेवटी नुसते पाणी सांडते. उलट पाणी थोडे असेल तर फेकायला वस्तुमान कमी मिळते, पण हवा भरपूर असते, आणि पाणी संपल्यावर तीच जोरात बाहेर पडून काही भरपाई करते. 1903 मध्ये कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी प्रसिद्ध केलेल्या समीकरणात या दोन्ही गोष्टी आहेत : बाहेर पडणाऱ्या पदार्थाचा वेग, आणि भरलेल्या व रिकाम्या रॉकेटच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. जलरॉकेटमध्ये एक वाढवायला गेले की दुसरे घटते, म्हणून मधला, एक तृतीयांशाच्या आसपासचा भाग सर्वांत फायद्याचा ठरतो.

भाच्याने आपला अंदाज खोडला नाही. त्याच्याखाली निघालेला आकडा आणि कारण लिहिले. वही अशीच ठेवावी, असे मी त्याला सांगितले.

14 नोव्हेंबर 2024, गुरुवार

शेवटची उड्डाणे आज केली. 50 पाउंड, 750 मिलिलिटर, पॅराशूटसह. सर्वोच्च बिंदूपासून जमिनीवर टेकेपर्यंतचा वेळ भाच्याने घड्याळावर घेतला. 11 सेकंद आले. 44 मीटरना 11 ने भागले की सेकंदाला 4 मीटर, म्हणजे शनिवारचा हिशेब जुळला. एकदा मात्र पॅराशूट बाहेर आले तरी उघडले नाही. दवाने पिशवी ओली झाली होती आणि घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. रॉकेट टोकावर येऊन काळ्या मातीत चेंडूभर रुतले. रान मोकळे असल्यामुळे जवळ कुणी नव्हते. त्यानंतर घडी घालण्याआधी पिशवी कोरडी पुसून टाल्कम पावडर लावली आणि पुढे ती दर वेळी उघडली.

रुतलेली बाटली परत दाबाखाली घेतली नाही. पंख, पेला आणि शंकू काढून जपून ठेवले आणि नव्या बाटलीवर चढवले. तोल पुन्हा पाहिला, तो 26 वरच आला. पडलेल्या बाटलीला उजेडात धरले तर तळाच्या एका फुगवट्याशी बारीक पांढरी रेघ दिसते. अशी रेघ कशी असते हे मुलांना बोटाने दाखवून बाटली कापून टाकली, म्हणजे ती चुकून पुन्हा वापरात येणार नाही.

15 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

रानात आज तिफण लागली. प्रक्षेपक पुसून, ओ-रिंग काढून, पाइप आणि व्हॉल्व्ह गोठ्यातल्या फळीवर ठेवला आहे. फवारणीचा पाइप स्वच्छ धुऊन दादाला परत दिला.

उरलेले काम भाचीने वहीत लिहून ठेवले आहे. एक म्हणजे दोन निरीक्षक समोरासमोर उभे करून कोन घ्यायचे, कारण रॉकेट वाऱ्याने निरीक्षकाकडे किंवा त्याच्यापासून दूर सरकले तर एकट्याचा कोन फसवा येतो. दुसरे, बाटली आणि पाणी तेच ठेवून शाडूचे वजन बदलायचे : अगदी हलके रॉकेट अवरोधाने लवकर थांबते आणि फार जड रॉकेटला मुळात वेगच कमी मिळतो, तर मधे कुठे सर्वाधिक उंची मिळते ते शोधायचे. त्यासाठी हरभरा निघेपर्यंत थांबावे लागेल. तोवर तिने पुण्याला गेल्यावर पुठ्ठ्याच्या आकृत्या वेगवेगळ्या पंखांसह कापून दाबमध्य काढून ठेवायचे आहेत. त्याला रान लागत नाही.